गिरणगाव आणि दोन ठिकाणी नांदणारे कुटुंब

औद्योगिकीकरणाने एकत्र कुटुंब मोडले आणि नवरा-बायको व मुले एवढ्यांचेच विभक्त कुटुंब रूढ केले, हे विधान वारंवार केले जात असले, तरी मुंबईच्या गिरणगावाला, म्हणजे परळ, लालबाग, वरळी या कापडगिरण्यांच्या पट्ट्याला, ते जसेच्या तसे लागू पडत नाही. कावसजी दावर यांच्या, मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाल्यानंतरच्या दशकांत रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेला मजूर बहुधा एकटाच येई आणि त्याची बायको, मुले व आईवडील गावी शेती सांभाळत. यामागे गावाची ओढ होतीच, पण त्याहून मोठे कारण मजुरीचे होते. अनेकांना ‘बदली’ म्हणून, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरतेच, काम मिळे आणि त्या मिळकतीत मुंबईत बिऱ्हाड करणे अशक्य असे. म्हणून बाळंतपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा भार गावच्या घराने, म्हणजे मुख्यतः तिथल्या बायकांच्या बिनमोल श्रमाने, उचलला. गिरणीची स्वस्त मजुरी त्याच श्रमावर उभी होती.

शहरातही कुटुंबाची जागा नात्यागोत्याने आणि गाववाल्यांनीच भरून काढली. चाळीतल्या एकेका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण राहत, भिंतीकडेला आपापली ट्रंक ठेवत आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्याने आळीपाळीने त्याच जागेवर झोपत. त्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळी कामगारांच्याच घरातल्या बायका चालवीत. सावकाराच्या कर्जाने पिचलेल्या या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. स्वतः गिरणीत वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, कामासारख्या खात्यांत राबणाऱ्या आयांची स्थिती अधिक बिकट होती, कारण तान्ह्या मुलाला सांभाळणारे घरी कोणी नसल्याने त्याला अफू असलेली बाळगोळी देऊन निजवून जाण्यावाचून त्यांतल्या कित्येकींपुढे मार्ग नसे.

कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा असंख्य कामगार गावी परतले आणि वर्षानुवर्षे मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांनीच त्यांना पोसले. गिरण्यांच्या इतिहासात मालक, पुढारी आणि कामगार यांची नोंद आहे. ज्या बायकांच्या कष्टांवर तो उद्योग सव्वाशे वर्षे चालला, त्यांतल्या बहुतेकींचे नाव गिरणीच्या मस्टरवर कधीच लागले नाही.