केमो संपते, मुंग्या उरतात

लातूरच्या विवेकानंद रुग्णालयातून किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातून केमो पूर्ण करून बाई घरी येते. रिपोर्ट चांगला असतो, केसही परत येऊ लागतात. पण तूर निवडताना बोटांना दाणा कळत नाही, चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही, रात्री तळव्यांची आग आग होते. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरचे समजूत घालतात. अशक्तपणा नाही तो. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लाटिन, व्हिन्क्रिस्टिन ही औषधं नसांना इजा करतात. व्हिन्क्रिस्टिन तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनच मिळालेलं. ऑक्झालिप्लाटिनची तऱ्हा आणखी वेगळी, माठातल्या गार पाण्याचा स्पर्शही सुईसारखा टोचतो.

बरीच वर्षं हा दोष फक्त नसांचा मानला गेला. मग संशोधकांचं लक्ष पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींकडे गेलं. मेंदूला रक्तातल्या औषधांपासून जसं संरक्षण असतं तसं या गाठींना नाही, त्यामुळे केमोचं औषध तिथे सहज शिरतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पॅक्लिटॅक्सेलनंतर तिथे मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी जमतात. त्यांनी सोडलेल्या दाहकारी रसायनांनी चेतापेशी चाळवतात आणि साधा स्पर्शही दुखू लागतो. जंतू ओळखणारा टीएलआर-4 हा रिसेप्टर यात सामील असतो. म्हणजे शरीर जणू औषधालाच जंतू समजून उठतं.

मग प्रतिकारशक्तीच दाबून टाकावी का? इथेच गोष्ट अडते, आणि मला सगळ्यात रंजक वाटते तीही इथेच. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की टी-पेशी या प्रतिकारपेशी नसलेल्या उंदरांची केमोनंतरची वेदना जास्त काळ टिकते. त्यांना सीडी-8 टी-पेशी दिल्या की ती शमते, आणि त्या शमण्यात इंटरल्युकिन-10 या दाह आवरणाऱ्या प्रथिनाचा हात असतो. दुखवणारे आणि बरं करणारे एकाच फौजेतले. शिवाय हीच फौज कर्करोगाशीही लढते. म्हणून सरसकट दाबण्यापेक्षा नेमक्या पेशींना आवरण्याचा किंवा बरं करणाऱ्यांना बळ देण्याचा मार्गच मला शहाणपणाचा दिसतो.

पण उंदरांकडून माणसांकडे येताना अनेक औषधं वाटेतच गळतात. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने या दुखण्यासाठी शिफारस केलेलं औषध आजवर एकच, ड्युलॉक्सेटिन. त्याचाही गुण बेताचाच. आणि इम्युनोथेरपी म्हणजे या दुखण्यावरचा इलाज, असा गैरसमज नको. कर्करोगावरची काही इम्युनोथेरपी औषधं स्वतःच नसांना त्रास देऊ शकतात.

हे दुखणं समजून घेण्याच्या कामात मराठवाडा मागे राहावा असं काही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या 1,31,746 बायकांचा समावेश असलेल्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते काम बार्शीच्या रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारकाने गावोगाव फिरून उभं केलं. तशी चिकाटी केमोच्या प्रत्येक फेरीला हातापायांच्या तक्रारी लिहून ठेवण्यात दाखवली, तर नांदेड-लातूरमधून उपयोगी माहिती निघेल. मधुमेह आणि ब-12 ची कमतरता यांनीही मुंग्या वाढतात, त्यांचीही नोंद हवी.

तोवर रुग्णांनी एवढं करावं: मुंग्या सुरू झाल्या की पुढच्या सलाईनची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावं. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. केमो मनानं बंद करू नये.