खुलताबादची बैठक

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा किल्ला मागे टाकून वेरूळच्या रस्त्याला लागलं की घाट चढून खुलताबाद येतं. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. हल्ली या गावाचं नाव निघतं ते औरंगजेबाच्या कबरीपायी. पण त्या आवारासमोर, रस्त्यापलीकडे बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दख्खनमधल्या कव्वालीची गोष्ट सांगायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

बुरहानुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, त्या धामधुमीत दिल्लीकरांबरोबर तेही इकडे आले. अमीर खुसरोंचा मित्र, कवी हसन सिज्झीही आला. त्याची कबर इथेच आहे. समा, म्हणजे ईश्वराच्या ओढीने ऐकायचं गाणं, हा बुरहानुद्दीनांचा प्राण होता. गाणं ऐकता ऐकता ते आणि त्यांचे शिष्य ज्या धाटणीने नाचत, तिला लोक ‘बुरहानी’च म्हणू लागले. सगळ्यांना हे रुचत नव्हतं. समा धर्मात बसतो का, याचा जाब खुद्द निजामुद्दीनांना सुलतानाच्या दरबारात द्यावा लागला होता. दौलताबादेतले विद्वान झैनुद्दीन शिराझी यांचाही आधी आक्षेपच होता, असं सांगतात. पुढे तेच बुरहानुद्दीनांचे मुरीद, म्हणजे शिष्य, झाले आणि १३३७ मध्ये बुरहानुद्दीन गेल्यावर त्यांची गादी झैनुद्दीनांकडे आली. औरंगजेब पुरला गेला तो याच झैनुद्दीनांच्या पायाशी.

गवयांना दरबारातून निरोप देणारा बादशहा आणि शेजारी कव्वाली, हा विरोध लिहिणाऱ्यांना फार आवडतो. मला तो जरा स्वस्त वाटतो. त्याच बादशहाचा सरदार फकीरुल्ला १६६६ च्या सुमारास ‘रागदर्पण’ हा संगीतग्रंथ फारसीत लिहीत होता. दरबार गप्प झाला म्हणून मुलूख गप्प होत नाही. पुढच्या शतकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शायर सिराज औरंगाबादी झाले. त्यांची गझल भारत-पाकिस्तानातले कव्वाल अजून गातात.

समाच्या बैठकीला रंगमंच नसतो. कव्वालांची पार्टी मजारीकडे तोंड करून जमिनीवर बसते. हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्या, बस्स. हम्द म्हणजे ईश्वरस्तुती, नात म्हणजे पैगंबरांची स्तुती आणि मग मनकबत म्हणजे संतांची स्तुती, असा क्रम. श्रोते दोन्ही बाजूंना, मधली वाट मोकळी. मजारीकडे पाठ करायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत. खरा कस श्रोत्यांचाच. नजराणा थेट गवयापुढे टाकत नाहीत. आधी बैठकीतल्या वडीलधाऱ्यांपुढे धरायचा, मग तो कव्वालाकडे जातो. एखाद्याला हाल आला, म्हणजे भान हरपलं, तर ज्या ओळीवर तो हलला तीच ओळ कव्वाल घोळवत राहतो. बाकीची चीज थांबते. उरुसात लाऊडस्पीकरवर रंगणाऱ्या मुकाबल्यांची गोष्ट वेगळी. तिथे शिट्ट्याही पडतात.

 

कव्वाली ऐकायची तर खुलताबादचेच दुसरे सूफी संत जर जरी जर बक्ष यांचा उरूस गाठावा. तो रबिउल अव्वल महिन्यात भरतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. निघण्याआधी चौकशी करावी. डोक्याला रुमाल घ्यावा आणि सुट्टे पैसे जवळ असू द्यावेत.