चार वर्षांनंतरचा प्रोसेसर आज कसा ठरवतात? एएमडीच्या 'झेन'ची गोष्ट

आज लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानदार हमखास विचारतो, "इंटेल की रायझन?" दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा पडतच नव्हता. 2011 मध्ये एएमडीनं आणलेलं 'बुलडोझर' डिझाइन इंटेलपुढं टिकलं नाही. 2015 मध्ये तर कंपनीचा शेअर दोन डॉलरच्याही खाली आला.

मग केलं काय?

2012 मध्ये कंपनीनं कोऱ्या पाटीवर नवं डिझाइन सुरू केलं, 'झेन'. जिम केलर कंपनीत परत आले. माइक क्लार्क मुख्य आर्किटेक्ट झाले, तर टीमचं नेतृत्व सुझान प्लमर यांच्याकडे आलं.

यात अवघड काय?

प्रोसेसर तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे स्पर्धक तेव्हा कुठं असेल, याचा अंदाज आजच बांधायचा.

त्यात टीम अनेक. आर्किटेक्ट आराखडा ठरवतात. लॉजिक डिझायनर तो कोडमध्ये उतरवतात. व्हेरिफिकेशनवाले त्यातल्या चुका शोधतात. फिजिकल डिझाइनवाले सगळं चिपवर बसवतात. एकाला जास्त कॅश हवी असते, दुसरा म्हणतो जागा नाही, तिसरा म्हणतो वीज जास्त खाईल. 'झेन' तर लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे चालवायचा होता. अशा वेळी कुणाला 'नाही' म्हणायचं, हे ठरवणं लीडरचं काम.

आणि चूक महागात पडते. डिझाइन कारखान्यात पाठवण्याला 'टेप-आउट' म्हणतात. त्यानंतर मोठी चूक सापडली, तर मोबाइल ॲपसारखं अपडेट टाकून दरवेळी भागत नाही. चिप नव्यानं बनवावी लागते, त्यात महिने आणि कोट्यवधी रुपये जातात.

वाद मिटवायचे कसे?

सगळ्यांसमोर एकच आकडा ठेवला होता. क्लॉकच्या एका ठोक्यात आधीच्या डिझाइनपेक्षा 40 टक्के जास्त काम. असं लक्ष्य असलं की वाद 'कोण बरोबर' यावर अडकत नाही. 'यानं आकडा किती हलतो, वीज किती जाते' यावर येतो.

मार्च 2017 मध्ये रायझन बाजारात आला. वाढ होती 52 टक्के.

केलर मात्र सप्टेंबर 2015 मध्येच कंपनी सोडून गेले होते. तरी काम थांबलं नाही, कारण दिशा ठरलेली होती आणि ती पुढं नेणारी टीम जागेवर होती. प्रोसेसरच्या कामात लीडरची खरी परीक्षा हीच असते.