सामाजीकरण आणि 'मी'ची घडण

मूल जन्माला येते तेव्हा त्याला भाषा येत नसते आणि स्वतःची जातही ठाऊक नसते. बोलणे, वागणे, लाज, भीती, अभिमान हे सारे ते घर, गल्ली, शाळा व सवंगडी यांच्याकडून शिकते. या प्रक्रियेला समाजशास्त्रात सामाजीकरण म्हणतात. केवळ स्वभावच नव्हे, तर 'मी कोण?' ही जाणीवही त्यातूनच घडते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली हे आरशाच्या दृष्टान्ताने सांगितले. लोक आपल्याला कसे पाहतात याची आपण कल्पना करतो. ते आपल्याविषयी काय मत करतात याचा अंदाज बांधतो. आणि त्यावरून स्वतःबद्दल अभिमान किंवा लाज बाळगतो. जॉर्ज मीड यांनी यात खेळाचे महत्त्व दाखविले. भातुकलीत मूल आई होते, मास्तर होते, म्हणजेच दुसऱ्याच्या नजरेने पाहायला शिकते.

हा आरसा किती क्रूर असू शकतो, याचे उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर घडले. किर्लोस्करवाडीहून पुण्याकडे जाताना कऱ्हाडच्या पुढे मसूर स्टेशन लागते. १९०१ साली शाळकरी भीमराव आपले बंधू व भाचे यांच्यासह साताऱ्याहून येथे उतरले. त्यांना गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे जायचे होते. नवे कपडे व नीटनेटके बोलणे पाहून स्टेशनमास्तरांना ही मुले ब्राह्मणांची वाटली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत, असे उत्तर मिळताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. गाडीवानांनीही नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन, स्वतः बैल हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली; परंतु वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, मुले तीच होती, कपडे तेच होते. एका शब्दासरशी बदलला तो आरसा!

मग अशा आरशासमोर वाढूनही बाबासाहेब खचले का नाहीत? कारण त्यांना दुसरे आरसेही लाभले. वडील रामजींनी मुलाच्या बुद्धीवर विश्वास ठेवला. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर सोबत्यांबरोबर बरोबरीने बसता-जेवता आले.

तथागतांनी अनात्मवाद सांगितला. 'मी' ही नित्य, न बदलणारी वस्तू नाही; ती कारणांनी घडते. जे कारणांनी घडते ते कारणे बदलली की बदलते. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेली धम्मदीक्षा हा केवळ उपासनेतला बदल नव्हता. लाखो माणसांनी जुना आरसा खाली ठेवला. समाजशास्त्रात यालाच पुनर्सामाजीकरण म्हणता येईल.

हे काम संपलेले नाही. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांना आजही 'आडनाव काय?' असे विचारले जाते आणि त्यामागचा खरा प्रश्न मुलांना कळतो. काही जण मग आडनाव सांगायचे टाळू लागतात. मसूरचा स्टेशनमास्तर त्या वेळी त्यांच्या मनात येऊन बसलेला असतो. त्याला तेथून उठविणे एकट्या मुलाला जमत नाही. त्यासाठी घर आणि विहार दोन्ही लागतात.

म्हणून आम्हांस वाटते, पालकांनी चारचौघांत मुलाला 'ढ' म्हणू नये, भावंडांशी तुलना करू नये. मुलीलाही घरात मत विचारावे. विहारात वंदनेनंतर मुलांना दहा मिनिटे बोलू द्यावे आणि मोठ्यांनी शांतपणे ऐकावे. विद्यार्थी मित्रांनीही लक्षात ठेवावे, की आपणही कोणाचा तरी आरसा असतो. वर्गातला अबोल मुलगा आपल्या नजरेत स्वतःला शोधत असतो. त्याला तेथे मैत्री दिसली पाहिजे.

जय भीम!