सरपणाचा हिशेब

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर ५ टक्के जैवइंधन जाळावे, असे धोरण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले आणि पुढे हे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरविले. पंजाब-हरियाणात भाताचे काड शेतातच पेटविले जाते व त्याच्या धुराने दिल्ली गुदमरते, ही या धोरणामागची एक मोठी निकड. ते काड शेतात जाळण्यापेक्षा त्याच्या कांड्या करून बॉयलरमध्ये घालणे केव्हाही शहाणपणाचे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हेच धोरण जेव्हा विदर्भ-मराठवाड्यात येते, तेव्हा विचारावेसे वाटते की, ज्याला आपण टाकाऊ म्हणतो ते नेमके कोणाच्या दृष्टीने टाकाऊ?

कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या यांना टाकाऊ म्हणण्याची चाल नाही. काही शेतकरी त्या बांधावर पेटवून देतात, हे खरे. पण पुष्कळ ठिकाणी वेचणी संपली की त्या उपटून घरामागे रचल्या जातात आणि पावसाळ्यातील चूल त्यांवर पेटते. ज्यांना स्वतःचे शेत नाही अशा मजूर बायका मालकाचे रान मोकळे करून देतात व मोबदल्यात पऱ्हाट्या नेतात. या व्यवहारात पैसा नाही, पावती नाही; म्हणून नियोजनकारांच्या कागदावर तो नाहीच. माझ्या विषयाचीही यात काही कीर्ती नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात सरपणाची किंमत निदान अंदाजाने धरली जाते; मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईचा वेळ मात्र आम्ही कोठेच धरीत नाही.

या इंधनाला वीजकेंद्राने भाव दिला तर काय होईल? शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, आणि ते त्याला मिळावेतच. पण कालपर्यंत श्रमाच्या बदल्यात मिळणारी पऱ्हाटी उद्या कांड्यांच्या कारखान्याकडे जाईल. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची गरज बाजाराला दिसत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. आपण ते वर्गाबाहेर विसरतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात सामाजिक वनीकरणाचा पुरस्कार केला. गावकऱ्यांना सरपण व चारा गावाजवळच मिळावा, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला, आणि त्या काळी सुबाभूळ म्हणजे जणू कल्पवृक्षच, अशा थाटात लिहिले-बोलले जात असे. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. गुजरातेत शेतकऱ्यांनी लावलेली निलगिरी वासे व खांब म्हणून विकली गेली. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात नाचणीच्या जमिनीवर निलगिरी उभी राहिली आणि तिचे लाकूड रेयॉनच्या लगद्याकडे वळले. आंध्रात सुबाभूळ कागद गिरण्यांची झाली. झाडे लागली, वाढली, विकलीही गेली. चुलीपर्यंत मात्र त्यांतले फारच थोडे पोहोचले. यात शेतकऱ्याचा दोष नाही. लाकडाला मोल देणारे गिऱ्हाईक गावाबाहेर होते, इतकेच.

आता घरोघरी गॅस गेला, मग सरपणाची ही चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. उज्ज्वला योजनेला २०१६ मध्ये प्रारंभ झाला आणि आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत दिली गेली. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी ग्रामीण कुटुंबे सुमारे ४३ टक्केच आढळली. उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबांनी २०२३-२४ मध्ये सरासरी वर्षाला चारच्या आसपास सिलिंडर घेतले. चार सिलिंडरांत पाच माणसांच्या घराचे वर्ष निघत नाही. उरलेले महिने चूलच पेटते.

लाकूड हे अक्षय इंधन आहे, असे म्हणताना एक अट नेहमी गाळली जाते. वर्षाला जेवढे वाढते तेवढेच तोडले तर ते व्याज. त्याहून अधिक तोडले तर मुद्दलाला हात. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधील ड्रॅक्स या प्रचंड वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या कांड्या स्वीकारल्या. त्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिण भागातील व कॅनडातील जंगलांतून जहाजाने येतात. तेवढ्याच विजेमागे लाकडातून कोळशापेक्षा कमी नव्हे, किंचित अधिकच कार्बन वायू बाहेर पडतो. तरीही धुराड्यापाशी तो शून्य धरला जातो, कारण हिशेब जेथे झाड तुटले त्या देशाच्या खात्यात लिहावयाचा असतो. ते झाड पुन्हा वाढून कार्बन शोषून घेईल हे खरे, पण त्याला कित्येक दशके लागतील.

आपल्या साखर कारखान्यांनी उसाच्या चिपाडांवर वीज केली, त्यात असा पेच निर्माण झाला नाही. चिपाड कारखान्याच्या दारातच पडते, ते कोणाच्या चुलीतून ओढून आणावे लागत नाही आणि ते कोणाचे याविषयी वादही नाही. म्हणजे प्रश्न तंत्राचा कमी, मालकीचा अधिक. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे तेथील बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. किती तोडावयाचे आणि किती राखावयाचे, हे तेथे गावाने बसून ठरविले.

कांड्यांच्या पुरवठ्याचे करार होतील तेव्हा जिल्ह्यात पऱ्हाटी किती निघते एवढाच आकडा पुढे येईल, असा माझा अंदाज आहे. त्यातील किती चुलीत जाते हे त्याच कागदावर दुसऱ्या रकान्यात लिहावयास लावले पाहिजे, आणि तो रकाना तालुक्याच्या कचेरीत बसून नव्हे, तर ग्रामसभेत बायकांना विचारून भरला पाहिजे. वजाबाकी करून जे उरेल ते वीजकेंद्राने खुशाल न्यावे.