फिनलंडचे वार्तापत्र : बाळांच्या वजनांची दप्तरे

हेलसिंकी

फिनलंडविषयी आपल्याकडे अधूनमधून जे छापून येते, त्यात सरकारकडून गर्भवतींना मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेटीचे वर्णन हमखास असते. बाळाची अंगडी-टोपडी, पांघरूण आणि तळाशी लहानशी गादी असलेली, व रिकामी झाल्यावर बाळाच्या बिछान्याचेही काम देणारी ही पेटी कौतुकास पात्र आहे यात शंका नाही. परंतु ती ज्या कायद्याने मिळते त्यातील एका अटीकडे परकीय पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते, आणि माझ्या मते या देशाच्या बालकल्याणाचे मर्म त्या अटीतच आहे. १९३७ साली मंजूर होऊन पुढल्या वर्षी अंमलात आलेली ही तजवीज प्रथम केवळ गरीब मातांपुरती होती. १९४९ मध्ये ती सरसकट सर्वांना लागू झाली, आणि तेव्हा जिला पेटी किंवा तिच्याऐवजी रोख रक्कम हवी असेल तिने गर्भारपणाचा चौथा महिना सरण्यापूर्वी डॉक्टरकडे अथवा माता-बाल सल्लाकेंद्रात तपासणी करून घेतलीच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला.

येथे ‘नेउवोला’ या नावाने ओळखली जाणारी ही केंद्रे १९१८ च्या यादवी युद्धानंतरच्या विपन्नावस्थेत जन्मास आली. शुश्रूषा-शिक्षणात अग्रणी असलेल्या सोफी मानरहाइम आणि बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी हेलसिंकीत उभ्या केलेल्या कार्यातून १९२२ साली पहिले केंद्र निघाले, आणि १९४४ च्या कायद्याने अशी केंद्रे चालविणे प्रत्येक स्थानिक संस्थेवर बंधनकारक झाले. १९३० च्या दशकात येथे हजार जन्मांमागे सुमारे ६५ बाळे वर्षाच्या आत दगावत. आज ते प्रमाण दोनच्या आसपास आहे. याचे सारे श्रेय एकट्या पेटीला किंवा एकट्या केंद्राला देणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण त्याच काळात प्रतिजैविके आली, आहार सुधारला व प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या.

केंद्रांतील परिचारिकांनी मात्र आणखी एक काम असे केले की ज्याचे मोल त्यांना स्वतःलाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते : बाळ आले की त्याचे वजन करायचे, उंची मोजायची आणि ते नोंदवून ठेवायचे. १९३४ ते १९४४ या काळात, म्हणजे जवळपास निम्मी वर्षे युद्धाच्या छायेत असताना, हेलसिंकीत जन्मलेल्या तेरा हजारांवर मुलांच्या अशा नोंदी जपल्या गेल्या, आणि ती मुले उतारवयाला पोहोचल्यावर योहान एरिक्सन व इंग्रज संशोधक डेव्हिड बार्कर यांनी त्या त्यांच्या पुढील आजारांशी ताडून पाहिल्या. तेव्हा दिसून आले की जन्मतः लहान व कृश असलेली, पहिल्या दोन वर्षांत मागे राहिलेली आणि नंतर भराभर वजन वाढलेली मुले प्रौढपणी हृदयविकाराला अधिक प्रमाणात बळी पडतात. जन्माच्या वेळची वाढ पुढील आरोग्यावर परिणाम करते या बार्कर यांच्या विचाराचा दुसरा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्या आधीपासून अभ्यास केला, आणि सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची त्यांची बाळे दिसायला किरकोळ असली तरी त्यांच्या अंगी स्नायूंच्या मानाने मेद अधिक असतो, हे दाखवून दिले.

परंतु हेलसिंकीच्या या दप्तरांनी सांगितलेली सर्वांत हृदयद्रावक हकिगत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मुलांची आहे. बाँबवर्षाव आणि उपासमार यांपासून वाचवावे या शुद्ध हेतूने सुमारे ७० हजार फिन्निश मुले गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून आईबापांशिवाय, बहुतांशी स्वीडनला, पाठविण्यात आली. तेथे त्यांना अन्न मिळाले, ऊब मिळाली, बहुधा मायाही मिळाली. कित्येक मुले परतली तेव्हा मातृभाषा विसरली होती. हेलसिंकीच्या त्याच अभ्यासात, साठी गाठलेल्या अशा व्यक्तींत, घरी राहिलेल्यांच्या तुलनेत विषण्णतेची लक्षणे अधिक आढळली. यावर साहजिक आक्षेप असा की पाठविली गेलेली मुले मुळातच अधिक हलाखीच्या घरची असतील. म्हणून टोर्स्टन सांताविर्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठविलेल्या मुलांची तुलना घरीच राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केली. मनोविकारासाठी रुग्णालयात जाण्याचे एकूण प्रमाण दोघांत सारखेच निघाले, पण स्त्रियांत विषण्णतेपायी दाखल होणे वाढलेले दिसले. आणि लहानपणी परदेशी गेलेल्या त्या स्त्रियांच्या मुलींमध्येही, ज्यांनी युद्ध पाहिलेच नव्हते, मनोदशेच्या विकारांचा धोका त्यांच्या मावसबहिणींपेक्षा अधिक आढळला. सहृदयतेने केलेल्या कृतीचा परिणाम एक पिढी ओलांडून मोजता येतो, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

आजही येथे दहा हजारांहून अधिक मुले सरकारी देखरेखीखाली घराबाहेर वाढतात. १९८७ साली या देशात जन्मलेल्या सर्व, म्हणजे सुमारे ६० हजार, मुलांचा मागोवा आरोग्य, शिक्षण व सरकारी मदत यांच्या नोंदी जुळवून राष्ट्रीय संस्थेने घेतला आहे, आणि त्यात घराबाहेर ठेवलेली मुले शिक्षणात व मानसिक स्वास्थ्यात मागे पडल्याचे दिसते. हे घर सुटल्यामुळे घडले की ज्या आपत्तीमुळे घर सोडवावे लागले तिच्यामुळे, याचा निवाडा अवघड आहे; युद्धात आपत्ती घराबाहेर होती, येथे ती बहुधा घरातच असते. २००७ च्या बालसंरक्षण कायद्याने म्हणूनच आधी घरी मदत पोहोचविण्यावर भर दिला आहे, आणि ती वेळेवर पोहोचणे पुन्हा त्या जुन्या केंद्रांवरच अवलंबून आहे. बाळ चार महिन्यांचे, दीड वर्षाचे आणि चार वर्षांचे झाले की तेथे आईबापांसह सर्व कुटुंबाची विस्तृत तपासणी होते, तीत वजन-उंचीबरोबर आईबापांच्या मनःस्थितीची, मद्यपानाची, घरातील संबंधांचीही चौकशी करतात; आणि आपल्याकडील अंगणवाडीच्या नोंदवहीत, जिथे बाळाचे वजन आजही निष्ठेने लिहिले जाते, त्याच्या आईच्या मनाच्या अवस्थेसाठीही एक रकाना असावा, अशी माझी मनापासून सूचना आहे.