चुकलेलं बोट आणि रुजलेला शब्द

टायपिंगच्या चुकीतून जन्मलेल्या आणि नंतर लोकांनी मुद्दाम वापरात ठेवलेल्या इंटरनेटवरच्या शब्दांबद्दल आज बोलू या.

लष्करात वायरलेसवर बोलताना चूक होऊ नये म्हणून केवढा खटाटोप असतो! एम आणि एन ही अक्षरं कानाला सारखी वाटतात, म्हणून माइक आणि नोव्हेंबर म्हणायचं. नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही, ‘से अगेन’ म्हणायचं. कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा. इंटरनेटवरची रीत याच्या उलट आहे. तिथे काही चुका लोक उचलून धरतात, जाणूनबुजून पुन्हा करतात, आणि बघता बघता त्यांचा शब्द होतो.

सगळ्यात सोपा दाखला घ्या. संगणकावर खेळणारी मुलं प्रतिस्पर्ध्याला पुरतं हरवलं की ‘ओन्ड’ लिहायची. म्हणजे तू आता माझ्या ताब्यात. कीबोर्डवर ओ या अक्षराच्या लगेच उजवीकडे पी आहे. खेळाच्या घाईत बोट एक घर पुढे सरकलं की ‘ओन्ड’च्या सुरुवातीला पी उमटतो. हे इतक्या वेळा झालं की पी असलेला शब्दच जास्त चढेल वाटू लागला. तो बहुधा ‘पोन्ड’ असा उच्चारतात.

पण ही चूक मुद्दामच करतात, हे कशावरून? याचा चांगला पुरावा उद्गारचिन्हात सापडतो. उद्गारचिन्ह आणि 1 हा आकडा एकाच कळीवर असतात. शिफ्ट दाबून भराभर उद्गारचिन्हं ठोकताना शिफ्टवरचं बोट आधी सुटलं, की शेवटी एक-दोन 1 उमटतात. अतिउत्साही माणसाची ही खूण झाली. मग थट्टेखोर मंडळी उद्गारचिन्हांच्या रांगेपुढे ‘वन’ किंवा ‘इलेव्हन’ असं अक्षरांत लिहू लागली. शिफ्ट सुटल्यामुळे अख्खा शब्द काही उमटत नाही. म्हणजे इथे बोट चुकलेलं नाही. चुकणाऱ्याची नक्कल चालली आहे.

कधी चूक बोटाची नसते, यंत्राची असते. जुन्या बटणांच्या फोनवर एका बटणावर तीन-चार अक्षरं असायची आणि शब्द कोणता, याचा अंदाज फोन करायचा. 2, 6, 6, 5 दाबलं की ‘कूल’ही होतो आणि ‘बुक’ही. फोन ‘बुक’ पुढे करायचा. इंग्रजी बोलणाऱ्या काही मुलांनी तो बदलायचा कंटाळा केला आणि ‘मस्त’ या अर्थानं ‘बुक’च म्हणू लागली. चीनमध्ये रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की संगणक चिनी चिन्हं सुचवतो. ऑनलाइन चर्चा सांभाळणाऱ्याला तिथे ‘बानझू’ म्हणतात. सुरांचा फरक सोडला तर ‘ठिपक्यांचा बांबू’ याचाही उच्चार तोच. संगणकानं बांबू सुचवला, लोकांना गंमत वाटली, आणि चर्चाप्रमुखाला बांबू म्हणायची पद्धत पडली. आपल्यापैकी जे रोमन अक्षरांतून मराठी टाइप करतात, त्यांना असा भलताच शब्द पुढे करणारा फोन चांगला परिचयाचा असेल.

ही सगळी उदाहरणं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. बरोबर शब्द सगळ्यांना माहीत असतो, तरीही चुकीचा निवडला जातो. म्हणजे तो परवलीच्या शब्दासारखा चालतो. ज्याला कळला तो आपला, ज्यानं दुरुस्त करायला घेतला तो बाहेरचा. याला भाषेचा ऱ्हास म्हणायची घाई नको. 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’ची मुद्दाम चुकीची स्पेलिंगं करून, त्यांची आद्याक्षरं घेऊन एक विनोद छापला गेला. ती आद्याक्षरं म्हणजे ओ आणि के. आज ओके म्हणताना कुणाला हसू येतं?

मात्र परवलीच्या शब्दाची एक ताकद असते. तो उच्चारला की समोरचा आपल्याला आत घेतो आणि आपण सावधपणा सैल करतो. डिसेंबर 2013 च्या सुरुवातीला एका बिटकॉइनचा भाव हजार डॉलरच्या वर होता; 18 तारखेपर्यंत तो जवळपास निम्म्यावर आला. त्या दिवशी दारूच्या अंमलाखाली एका माणसानं ऑनलाइन जाहीर केलं, की आपण विकणार नाही, धरून ठेवणार. ‘होल्ड’ लिहिताना एल आणि डी यांची अदलाबदल झाली आणि ‘हॉडल’ उमटलं. शीर्षक चुकल्याचं त्याला कळलं होतं, पण त्यानं ते तसंच ठेवलं. थट्टा लगेच पसरली. पुढे कुणीतरी त्या चार अक्षरांना अर्थही चिकटवला: जीव मुठीत धरून टिकून राहा.

विनोदाचा उपदेश झाला तो इथे. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69,000 डॉलरच्या आसपास पोचला. वर्षभरानं तो 16,000 च्या घरात होता. या उतारात ‘हॉडल’ म्हणणारा माणूस सल्लागार नव्हता आणि तोट्यात वाटेकरीही नव्हता. आपल्याकडे एप्रिल 2022 पासून अशा चलनाच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. निवृत्तीची पुंजी हाताशी असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. कुणी ‘हॉडल’ म्हणाला तर तो शब्द बाजूला ठेवून साध्या मराठीत विचारा: का धरून ठेवू, किती दिवस, आणि बुडाले तर कुणाचे?

त्याच डिसेंबर 2013 मध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केलं. आपला ईमेल पत्ता एखाद्या फुटलेल्या माहितीसाठ्यात सापडला का, हे तिथे विनामूल्य पाहता येतं. ‘पोन्ड’ असं उत्तर आलं तर ती टायपिंगची चूक समजून सोडून देऊ नका. ज्या सेवेतून माहिती फुटली तिथला पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.